क्रियाविशेषणांच्या याद्या पाठ करून घेणं थांबवा

मुलांकडून शंभर-दोनशे इंग्रजी क्रियाविशेषणं अर्थासकट पाठ करून घ्यायची पद्धत बंद व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. मी अमळनेरला इंग्रजीच्या शिकवण्या घेते. संध्याकाळी शाळेची पोरं येतात, त्यानंतर पुण्याकडे किंवा सुरतला नोकरी बघणारी मोठी मुलं-मुली. दोन्ही बॅचच्या वह्यांत तीच यादी असते. एका रकान्यात क्विकली, स्लोली, हॅपिली आणि समोरच्या रकान्यात त्वरेने, मंदगतीने, आनंदाने. मुलं ती घडाघडा म्हणून दाखवतात. मग 'तू इंग्रजी चांगलं बोलतोस' हे इंग्रजीत सांग म्हटलं की उत्तर येतं, 'यू स्पीक वेल इंग्लिश'. चारही शब्द बरोबर, पण 'वेल' भलत्या जागी. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्या मधे असा शब्द शिरत नाही. 'यू स्पीक इंग्लिश वेल' असंच म्हणावं लागतं. यादीत अर्थ असतो, जागा नसते.

आणि जागा शिकवणं अवघड मुळीच नाही, कारण मराठी मुलाकडे एक तयार चावी आहे. 'ती काल भुसावळला छान बोलली' हे वाक्य घ्या. आधी केव्हा, मग कुठे, मग कसं आणि शेवटी क्रिया. इंग्रजीत हीच रांग शेवटाकडून मोजा: 'शी स्पोक वेल इन भुसावळ येस्टरडे'. बोलली, छान, भुसावळला, काल. पूर्ण उलटी. 'येस्टरडे' सुरुवातीलाही चालतं, म्हणजे नियम दगडावरची रेघ नाही, पण शिकणाऱ्याला उभं राहायला तेवढा पुरतो. फळ्यावर दोन ओळी लिहून बाण काढले की आठवीचं पोरही पाच मिनिटांत स्वतः वाक्यं करायला लागतं. हे सोडून आपण त्याला 'रीतिवाचक, कालवाचक, स्थलवाचक' अशा व्याख्या लिहायला लावतो.

नेहमी, कधीकधी, क्वचित या गटाची जागा तेवढी वेगळी आहे. 'शी ऑलवेज कम्स अर्ली', पण 'शी इज ऑलवेज अर्ली'. मुख्य क्रियापदाच्या आधी, मात्र इज-अॅम-आरच्या नंतर. सहायक क्रियापद असेल तर त्याच्याही नंतर: 'आय हॅव नेव्हर सीन द सी'. एवढंच.

माझा खरा आग्रह छोट्या शब्दांसाठी आहे. स्टिल, येट, ऑलरेडी, जस्ट, टू, इनफ, ओन्ली. 'ओन्ली' सोडला तर यांना 'एलवाय'ची शेपटी नाही म्हणून याद्यांत ते शेवटी कोपऱ्यात असतात, आणि बोलताना सगळ्यात जास्त तेच लागतात. आपला 'अजून' बघा. 'तो अजून झोपलाय' इथे इंग्रजीला 'स्टिल' लागतं. 'तो अजून आला नाही' म्हटलं की 'येट' येतं आणि वाक्याच्या शेवटी जाऊन बसतं. 'अजून एक भाकरी दे' म्हटलं तर या दोघांपैकी कोणीच नाही, तिथे 'वन मोअर'. मराठीच्या एका शब्दाला इंग्रजीत तीन दारं आहेत, आणि यादी त्यातलं एकच दाखवते. 'खूप'चंही तेच. 'खूप गरम' आणि 'मला खूप आवडतं' यांत आपण फरक करत नाही, म्हणून पोरं 'आय व्हेरी लाइक इट' म्हणतात. 'व्हेरी' विशेषणाच्या किंवा दुसऱ्या क्रियाविशेषणाच्या आधी चालतं. क्रियापदासोबत 'व्हेरी मच' किंवा 'अ लॉट', आणि तेही नंतर. 'टू' तर अगदी वेगळा. मे महिन्यात जळगावच्या उन्हाला 'टू हॉट' म्हणायचं ते सोसवेनासं झालं की, नुसतं गरम असेल तर 'व्हेरी हॉट' पुरे.

आता 'च'. 'मी कालच आलो' चं 'आय केम येस्टरडे ओन्ली' होतं आणि लोक हसतात. या हसण्याचा मला राग येतो. ते पोरगं मराठीतला अत्यंत नेमका अर्थ इंग्रजीत नेऊ पाहतंय. असं 'ओन्ली' भारतभर बोललं जातं आणि भारतभर समजतं. पण मुलाखतीत किंवा परदेशातल्या माणसाशी बोलताना अडचण होऊ नये म्हणून मी सांगते की इंग्रजीचा 'च' पुष्कळदा आवाजात असतो. 'आय केम येस्टरडे' म्हणताना 'येस्टरडे'वर जोर दिला की काम झालं. 'ओन्ली' वापरायचंच असेल तर ज्या शब्दाला चिकटवायचं त्याच्या अगदी आधी ठेवा. 'ओन्ली द फर्स्ट ट्रेन स्टॉप्स हिअर' म्हणजे फक्त पहिली गाडी इथे थांबते. 'द फर्स्ट ट्रेन स्टॉप्स ओन्ली हिअर' म्हणजे पहिली गाडी फक्त इथेच थांबते. दुसरं वाक्य ऐकून पहिलं समजलात तर पुढच्या स्टेशनला उतरायची तयारी वाया.

मोठ्या शब्दांकडे येऊ. हेव्हिली, बिटरली, डीपली, हायली, बॅडली. हे एकेकटे शिकून उपयोग नाही, जोडीनेच शिकायचे. हे मराठी मुलाला समजावून सांगावंच लागत नाही, कारण आपली भाषाच जोड्यांची आहे. माणूस ढसाढसा रडतो, खळखळून हसतो, भूक कडकडून लागते, विरोध कडाडून होतो. ढसाढसा हसला असं कोणी म्हणत नाही, आणि हे कुणी वहीत लिहून शिकलेलं नसतं. तसंच इंग्रजीत 'इट रेन्ड हेव्हिली', 'शी क्राइड बिटरली', 'हायली एज्युकेटेड', 'डीपली सॉरी'. रावेर-यावलकडे वादळात केळीच्या बागा आडव्या झाल्या तर त्या 'बॅडली डॅमेज्ड'. मी मुलांना आधी मराठी जोड्या सांगायला लावते. वर्ग अक्षरशः पेटतो. मग इंग्रजी जोड्यांची वही सुरू करतो, आणि त्या टिकतात.

शेपटीचा नियम मात्र सावधपणे द्या. 'इझी'चं 'इझिली' होतं, 'जेंटल'चं 'जेंटली' होतं, ठीक. पण फ्रेंडली, लव्हली, लोनली, सिली ही विशेषणं आहेत. 'फास्टली' हा शब्दच नाही. घरी 'गाडी फास्ट चालव' म्हणणारं पोर बरोबरच बोलत असतं, वर्गात येऊन शेपटी लावतं. आणि 'हार्ड'ला शेपटी लावू नका, कळकळीने सांगते. 'हार्डली' म्हणजे जवळजवळ नाहीच. 'आय हार्डली वर्क' म्हणजे मी काम करतच नाही म्हणा ना. नोकरीच्या मुलाखतीत मेहनती मुलीने स्वतःबद्दल हे सांगावं? 'हार्डली'त नकार आधीच आहे, म्हणून सोबत 'नॉट' घ्यायचं नाही. फोनवर नीट ऐकू येत नसेल तर 'आय कॅन हार्डली हिअर यू' एवढंच.

अर्थ कोणत्या भाषेत द्यायचा हाही प्रश्न आहे. गाईडमध्ये 'ऑफन' म्हणजे 'वारंवार'. खेड्यातून आलेल्या मुलाच्या तोंडात 'घडीघडी' असतं. मी 'घडीघडी' लिहून देते. अहिराणीतले आठे (इथे), तठे (तिथे), आते (आता), गैरा (खूप), ही सगळी क्रियाविशेषणंच आहेत आणि पोरं ती शाळेत यायच्या आधीपासून अचूक वापरतात. 'आठे ये' म्हणणाऱ्याला 'कम हिअर' मधल्या 'हिअर'ची व्याख्या कशाला? धडगाव-अक्कलकुव्याकडच्या भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांसाठी तर प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा. त्यांना आपण न कळणारा शब्द दुसऱ्या न कळणाऱ्या शब्दाने समजावतो आणि मग म्हणतो, इंग्रजी कच्चं आहे. राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं शिकूनही मूल एक वाक्य बोलायला कचरतं, त्यात मुलाचा दोष मला तरी दिसत नाही.

पालक विचारतात, मग घरी काय करून घ्यायचं? कान उघडे ठेवायला सांगा. स्टेशनवर गेलात की घोषणा ऐकवा. गाडी 'रनिंग लेट' असते, 'रनिंग लेटली' कधीच नाही, कारण 'लेटली' म्हणजे अलीकडे. गाडी 'शॉर्टली' येते म्हणजे थोड्याच वेळात येते. मराठी घोषणाही लगेच होते, दोन्ही जुळवून बघायला सांगा. रोज रात्री दिवसभरातली तीन वाक्यं आपल्या बोलीत सांगू द्या, केव्हा, कुठे, कसं हे सगळं घालून. मग तीच इंग्रजीत, रांग उलटी करून. चुकलं तर मधेच थांबवू नका, वाक्य पूर्ण होऊ द्या आणि बरोबर वाक्य तुम्ही एकदा मोठ्याने म्हणा. तुम्हाला येत नसेल तर वहीत लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना किंवा सरांना विचारायला सांगा. आणि ती यादी, असेल घरात तर, शब्द बघायला राहू द्या. पाठ करून घेऊ नका.