कारंजं सुरू झालं त्या दिवशी

भाच्याचं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. परवा रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला. "मावशी, काहीतरी ऐकायला सुचव. रडकं नको. मोटिव्हेशनल तर अजिबातच नको."

प्लेसमेंटच्या यादीत तिसऱ्यांदा नाव लागलं नाही हे त्याच्या आईकडून मला आधीच कळलं होतं. घरात जो तो त्याला "पॉझिटिव्ह राहा रे" म्हणत होता. आजोबा तर दिवसाला दोन व्हिडिओ पाठवतात, ज्यात सूट घातलेला एक गृहस्थ गरुडाची गोष्ट सांगतो. गरुड म्हणे चाळिशीत डोंगरावर जाऊन स्वतःची चोच आपटून पाडतो, मग नवी येते आणि पुढची तीस वर्षं मजेत जातात. असं काही नसतं हो. चोच तुटलेला गरुड उपाशी मरतो.

मी त्याला 'द वंडर इयर्स' या बँडचा 'द अपसाइड्स' पाठवला. जानेवारी २०१० चा अल्बम, १२ गाणी. (त्याच नावाची एक जुनी टीव्ही मालिका आहे, तिची ही गाणी नव्हेत.) पाच मिनिटांत उत्तर आलं, "हा इतका का चिडलाय?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर मेसेजमध्ये मावणारं नाही, म्हणून इथे लिहितेय.

हा अल्बम पॉप-पंक. ते कधी ऐकलं नसेल तर एवढंच समजा: ड्रम्स सुसाट, गिटारचे कॉर्ड तीन नाहीतर चार, गाणारा नाकातून गातो आणि ध्रुवपद असं की दुसऱ्यांदा ऐकताना आपणही ओरडायला लागतो. या संगीताचं आणि मोठं होण्याचं पहिल्यापासून वाकडं. कॅलिफोर्नियाच्या डिसेंडंट्सनी १९८५ साली अल्बमचं नावच 'आय डोन्ट वॉन्ट टू ग्रो अप' ठेवलं. त्यांचा गायक मायलो ऑकरमन याने मात्र जीवशास्त्रात पीएचडी केली आणि पुढे कित्येक वर्षं ड्यूपाँट कंपनीत वनस्पतींवर संशोधन केलं. मोठं व्हायचं नाही म्हणणाऱ्यांचं शेवटी असंच होतं. १९९९ मध्ये ब्लिंक-१८२ ने तेविशीतल्या पोराच्या पोरकटपणावर गाणं केलं आणि ते जगभर वाजलं.

वंडर इयर्सवालेही सुरुवातीला त्याच वळणाचे. २००७ चा त्यांचा पहिला अल्बम म्हणजे निव्वळ टवाळकी. पुढे त्यांना स्वतःलाच त्याची लाज वाटायला लागली. त्यानंतर सव्वादोन वर्षांनी 'द अपसाइड्स' आला आणि त्यात एकदम हा प्रश्न होता की कॉलेज संपतंय, आता काय?

फिलाडेल्फियाच्या वायव्येला लॅन्सडेल नावाचं गाव आहे. लोकल ट्रेनने जाता येतं. ही पोरं तिथली. गायक डॅन कॅम्पबेल. आडनाव सूपच्या डब्यावरचं, म्हणून सगळे त्याला सूपी म्हणतात.

मी ऑगस्ट २००९ मध्ये मास्टर्ससाठी फिलाडेल्फियाला गेले. त्या हिवाळ्यात तिथे ७८.७ इंच बर्फ पडला. म्हणजे जवळजवळ दोन मीटर. शहराच्या नोंदींमधला हा सगळ्यात बर्फाळ हिवाळा. ५ आणि ६ फेब्रुवारीला तर एका दमात २८.५ इंच. आम्ही चौघी वेस्ट फिलीमधल्या एका जुनाट घराच्या दुसऱ्या मजल्यावर राहायचो. हीटिंगचं बिल वाढू नये म्हणून घरातही जॅकेट घालून बसायचो. कुकरच्या शिट्टीला सगळ्या जणी स्वयंपाकघरात गोळा व्हायच्या, जेवणासाठी नाही, वाफेसाठी. आईचा फोन आला की, "मस्त चाललंय गं. बर्फ काय सुंदर दिसतो!"

लॅबमध्ये लॅन्सडेलच्या जवळपासचा एक मुलगा होता. "आमच्या गावची पोरं आहेत," म्हणून त्याने पेन ड्राइव्हवर हा अल्बम दिला. (विकत घ्यायला हवा होता. पुढे घेतला.) मी लॅपटॉपवर लावला तर माझी नागपूरची रूममेट पोळ्या लाटता लाटता थांबली आणि म्हणाली, "काय चावलं वं याले?"

पहिल्या गाण्याचं नाव 'माय लास्ट सेमिस्टर'. त्यात तो बजावून सांगतो की मी आता दुःखी नाही, मला फक्त या जागेचा वीट आलाय. पण ज्या आवाजात तो हे म्हणतो ना, तो आवाज दुःख गेलेल्या माणसाचा अजिबात नाही. तो माझा आईशी फोनवर बोलतानाचा आवाज होता. मी तेच हळू आवाजात म्हणायचे, हा घशाच्या शिरा ताणून म्हणत होता, एवढाच फरक.

दुसरं गाणं 'लोगन सर्कल'. त्यात घडतं ते एवढंच: आज लोगन सर्कलचं कारंजं सुरू केलं.

हा चौक मला रोजचा होता. सेंट्रल लायब्ररी त्याच्या अगदी समोर आणि लायब्ररीत हीटर जोरात चालायचा. मधलं कारंजं १९२४ सालचं, अलेक्झांडर स्टर्लिंग कॅल्डर या शिल्पकाराचं. कांस्याच्या तीन भल्यामोठ्या आकृती रेलून बसलेल्या आहेत: डेलावेअर, स्कूलकिल आणि विसाहिकन, तिथले तीन जलप्रवाह. भोवती कांस्याचे बेडूक आणि कासवं, तोंडातून पाणी उडवणारी. (तिथून एका बाजूला सिटी हॉलच्या डोक्यावर विल्यम पेनचा पुतळा दिसतो, तो या कॅल्डरच्या वडिलांचा. दुसऱ्या टोकाला आर्ट म्युझियममध्ये छताला टांगलेलं शिल्प आहे, ते त्याच्या मुलाचं. एकाच रस्त्यावर तीन पिढ्यांचं दुकान.) हिवाळ्यात पाणी बंद असतं. त्या वर्षी बेडकांच्या उघड्या तोंडांत बर्फ भरून राहिला होता. रस्त्यावरचा बर्फ वितळून गेला तरी एका बेडकाच्या जबड्यात मूठभर राखाडी गोळा कितीतरी दिवस तसाच होता. मी येता-जाता त्याच्याकडे बघायचे.

मग एका दुपारी लायब्ररीतून बाहेर पडले तर आवाज येत होता. आधी वाटलं ट्रॅफिकचा असेल. बेडकांच्या तोंडातून पाणी येत होतं! सुरुवातीचं पाणी तांबूस, पाइपात साठलेलं, मग हळूहळू स्वच्छ होत गेलं. पिवळं जॅकेट घातलेला एक कर्मचारी काठावर उभा राहून दुसऱ्याला हातवारे करत होता, अजून थोडं सोड, अजून थोडं. मी बूट-मोजे काढले आणि पाय पाण्यात सोडून बसले. पाणी इतकं गार की घोटे ठणकायला लागले. रडू आलं. आनंदाचं वगैरे नाही, नुसतंच आलं.

आता माझं मत सांगते, ज्यासाठी एवढी लांबड लावली.

"सकारात्मकता आतून येते" हे आपल्याकडे इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलंय की ते खोटं असू शकेल असं कुणाला वाटतच नाही. मला ते खोटं वाटतं. निदान बाविशीत, नोकरी नसताना, थंडीत तरी ते खोटं असतं. आत तेव्हा काही नसतंच. 'द अपसाइड्स' मला आवडतो तो यासाठी की हा माणूस आत शोधतच नाही. त्याची सगळी शोधाशोध बाहेर आहे. चौकातलं कारंजं, रात्रभर उघडं असणारं डायनर, न्यूयॉर्कचं वॉशिंग्टन स्क्वेअर पार्क, पडेल त्या बारमध्ये वाजवणारे मित्र. गाण्यांची नावंच बघा, चारांत तर पत्ताच आहे. कारंज्याच्या गाण्यात त्याचं काय भलं होतं? काहीच नाही. त्याला कुणी नोकरी देत नाही. पालिकेचा माणूस कॉक उघडतो, बस. पण तेवढ्यासाठी त्याला घराबाहेर पडून त्या चौकात जावं लागलं होतं. खोलीत डोळे मिटून "मी आनंदी आहे" म्हणत बसला असता तर त्याला पाण्याचा आवाज ऐकू आला असता का?

शेवटच्या गाण्यात तर हे अगदीच उघड होतं. ओळखीच्या बँड्समधली मित्रमंडळी त्यात गाऊन जातात. गाणं संपेपर्यंत सूपी त्या गर्दीतला एक होऊन जातो. आत्मपरीक्षण वगैरे काही शिल्लक राहत नाही, नुसता कल्ला.

पंकमध्ये पॉझिटिव्ह राहण्याची भाषा जुनी आहे. वॉशिंग्टनच्या बॅड ब्रेन्स या बँडने, चौघेही कृष्णवर्णीय, १९८२ च्या अल्बममध्ये 'पीएमए' हा शब्द आणला, पॉझिटिव्ह मेंटल ॲटिट्यूड. तो त्यांनी उचलला नेपोलियन हिल यांच्याकडून. होय, तेच हिल, ज्यांचं श्रीमंत व्हायचं पुस्तक मराठीतही मिळतं आणि स्टेशनवरच्या स्टॉलवर ठळक दिसतं. आजोबांच्या सूटवाल्याचा आणि पंकवाल्यांचा मूळपुरुष एकच, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ हसत होते.

मे २०११ मध्ये माझी डिग्री झाली. ज्यांनी स्टुडंट व्हिसावर दिवस काढलेत त्यांना ओपीटीचं गणित माहीत आहे: डिग्रीनंतर काम करायची परवानगी मिळते, पण एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहिलात तर संपलं. मी फ्रिजवर कॅलेंडर चिकटवून रोज फुली मारायचे. एका कंपनीने चार फेऱ्या मुलाखती घेतल्या आणि नंतर ईमेलला उत्तर देणंच बंद केलं. फुल्या वाढत गेल्या. या काळात मी हा अल्बम कानात घालून पायी फिरायचे, घरापासून स्कूलकिल ओलांडून लोगन सर्कलपर्यंत. जुलैत तिथे पोरं कारंज्यात सर्रास पोहतात. ७६ व्या फुलीनंतर नोकरी लागली. नागपूरची मैत्रीण परत गेली. ती माझ्यापेक्षा हुशार होती आणि तिच्या विचारांत काही कमी पॉझिटिव्ह नव्हतं. त्यामुळे कुणी मला "तुझ्या जिद्दीमुळे झालं" म्हणालं की मी विषय बदलते.

आणि इथेच या अल्बमवर माझा राग पण आहे. सूपीला कंटाळा येतो तेव्हा त्याचं गाव ट्रेनच्या अंतरावर असतं. त्याच्या फ्रिजवर फुल्या नाहीत. फसलेल्या पार्टीवर तो अख्खं गाणं खर्च करतो, तेव्हा वाटतं, अरे बाबा, निदान पार्टी तरी होती. युरोपच्या दौऱ्यावरचं 'हॉस्टेल्स अँड ब्रॉथेल्स' मी दर वेळी पुढे ढकलते. मधली दोन-तीन गाणी एकमेकांत मिसळून जातात, आजही पटकन वेगळी सांगता येत नाहीत. आणि या सगळ्या संगीत प्रकारात मुली गाण्याचा विषय असतात, गाणाऱ्या क्वचित. इथे 'हे थँक्स'मध्ये युकुलेलेवर एका बाईचा आवाज येतो तेव्हा खिडकी उघडल्यासारखं होतं. तसं अजून हवं होतं.

तरी नाकातल्या आवाजाबद्दल मी काही ऐकून घेणार नाही. गोड गळ्याने "मी आता दुःखी नाही" म्हटलं असतं तर ती जाहिरात झाली असती.

पुढे २०११ आणि २०१३ मध्ये त्यांचे आणखी दोन अल्बम आले आणि तिन्ही मिळून मोठं होण्याची एक त्रयी झाली. जाणकार तिसऱ्याला सगळ्यात चांगला म्हणतात. असेल. संगीत त्यात जास्त पक्कं आहे, हे मान्य. पण मला हाच लागतो, कच्चा.

२०२२ मध्ये त्यांचा 'द हम गोज ऑन फॉरएव्हर' आला. तोवर मी पुण्यात, सूपी बाप झालेला. त्यात त्याच्या मुलासाठी एक गाणं आहे. आणि अल्बमच्या नावातली ती घरघर म्हणजे तेच जुनं दुःख, फ्रिजच्या आवाजासारखं, दिवसा ऐकू न येणारं, रात्री सगळं शांत झालं की सुरू. म्हणजे बारा वर्षांपूर्वी जो घसा फोडून "मी दुःखी नाही" सांगत होता, त्याचं ते गेलंच नव्हतं. काही जुने चाहते त्यावर हळहळले. मला उलट बरं वाटलं. गेलं असतं तर मी फसवली गेले असते. आता निदान हिशोब जुळला: दोघांचंही गेलेलं नाही, दोघंही कामावर जातो, त्याला पोरगा आहे, मला भाचा आहे.

अल्बममधलं ते रात्रभर उघडं असणारं डायनर, मेलरोज, मात्र खरंच गेलं. १९३५ पासून चालू होतं. २०२२ मध्ये आग लागली, नंतर इमारतच पाडली. रात्री दोन वाजता लॅबमधून निघून आम्ही तिथे 'पाय' (सारण भरलेली गोड पेस्ट्री) खायला गेलो होतो, चौघींत दोन प्लेट.

काल भाच्याचा परत मेसेज आला. अल्बम पूर्ण ऐकला नाहीये, दुसऱ्या गाण्यावरच अडकलाय. "मावशी, ते कारंजं खरंच आहे?"

म्हटलं आहे, आणि जुन्या हार्ड डिस्कमधून फोटो शोधून पाठवला. माझ्याकडे एकच आहे, फेब्रुवारी २०१० चा. पांढरा चौक, वर पांढरं आकाश आणि अगदी पुढे तो बेडूक, तोंडात बर्फाचा गोळा घेऊन बसलेला. पाणी सुरू झालं त्या दिवशी फोन बॅगेतच राहिला होता.

"पाणी कुठेय यात?"

"उन्हं आली की सोडतात."