कवच जाड असलं तरी राजहंसाचं अंडं कच्चं पिऊ नका

थंडी पडली की नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज पुन्हा फिरू लागतो. मखमलाबादकडच्या आमच्या मळ्यात राजहंस आहेत, म्हणून यंदा तो मला चौघांनी पाठवला. मजकूर असा: राजहंसाच्या अंड्याचं कवच जाड, त्यात जंतू शिरत नाहीत, म्हणून ते कच्चंच गरम दुधातून बाळंतिणीला आणि म्हाताऱ्यांना द्यावं, शिजवलं की ताकद जाते, पाण्यात बुडालं म्हणजे अंडं निर्धोक, आणि घरट्यातून अंडी उचलली की मादी अंडी द्यायची थांबते.

कवच जाड असतं हे खरं. कढईच्या काठावर आपटून ते फुटत नाही, सुरीच्या पाठीनं ठोकावं लागतं. पण पिल्लू महिनाभर त्याच कवचातून श्वास घेतं. त्याला हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून जंतूही आत जातात. शिवाय हा पाण्यातला पक्षी. सकाळी पेंढ्यात हात घातला की अंडं कोमट लागतं आणि त्यावर चिखलाचा किंवा विष्ठेचा डाग बहुतेक असतोच. असं कोमट अंडं गार पाण्यात धुतलं तर आतला भाग आकसतो आणि बाहेरची घाण आत ओढली जाते. म्हणून मी ते कोरड्या फडक्यानं पुसते. फारच माखलेलं असेल तर अंड्यापेक्षा गरम पाण्यात धुऊन लगेच शिजवते. साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू तर कधी पक्ष्याच्या पोटातूनच अंड्यात येतो, तिथे कवच काय करणार? दुधाच्या पेल्यात दीडशे ग्रॅमचं अंडं फोडलं की दूधच कोमट होतं, अंडं शिजत नाही.

ताकदीचं म्हणाल तर उलटं आहे. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली कोंबडीच्या अंड्यांवर हे मोजलं होतं. शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन अंगी लागलं, कच्च्यातलं जेमतेम ५१ टक्के.

बुडणाऱ्या अंड्याबद्दल एवढंच, की त्यावरून ते ताजं आहे हे कळतं. अंडं जुनं होईल तशी आतली हवेची पोकळी वाढते आणि ते तरंगू लागतं. जंतू आहेत की नाहीत, हे पाणी सांगत नाही.

अंडी उचलण्याबद्दल मला रोजचा अनुभव आहे. घरट्यात अंडी साठू दिली की मादी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसते आणि तेव्हा खरोखर थांबते. म्हणून एक खूण केलेलं अंडं मागे ठेवून बाकीची काढायची. मादी अंडं पेंढ्यानं झाकून जाते, त्यामुळे वरवर पाहून परत फिरू नका. आणि या दिवसांत नर अंगावर धावून येतो, लहान मुलांना बरोबर नेऊ नका.

माझी पुतणी बाळंतपणाला माहेरी आली आहे. तिच्यासाठी पाणी उकळल्यावर पंधरा मिनिटं अंडं उकडते, बलक मधोमध घट्ट झाला का ते कापून बघते, आणि चार फोडी काळ्या मसाल्याच्या रश्श्यात सोडते. एकात कोंबडीच्या जवळपास तीन अंड्यांचा ऐवज असतो, म्हणून दोन फोडी तिला आणि दोन तिच्या आईला, बाजरीच्या भाकरीबरोबर.