दोन शब्द

वय झालं की एकेक अवयव राजीनामा देतो. माझे गुडघे साठीलाच बसले, दाढा पासष्टीपर्यंत कशाबशा टिकल्या, गेल्या उन्हाळ्यात मोतीबिंदू काढला. जीभ तेवढी विशीतली राहिली. उलट समोरचे दात गेल्यापासून तिला रस्ता मोकळा झालाय.

त्यात आमच्या ख्रिस्ती मंडळीत केस पिकले की शहाणपण आलंच, असं धरून चालतात. घरसभा असो, साखरपुडा असो, की कुणाची माती असो, शेवटी सगळे माझ्याकडे वळतात, "आबाजी, दोन शब्द बोला जी." माझे दोन शब्द पाऊण तास चालतात. तोवर आत भात निवतो आणि दारातली पोट्टी चपला शोधायला लागतात. पिकलेले केस म्हणजे शोभेचा मुकुट, हे बायबलच्या नीतिसूत्रांतलं वचन मला तोंडपाठ आहे. तो मुकुट नीतीच्या वाटेवर चालणाऱ्याला मिळतो, हा त्याच वचनाचा उरलेला अर्धा भाग मी घाईत वाचतो.

यंदा कापणीच्या उपासनेला घात झाला. आमच्याकडे त्या दिवशी जो तो आपल्या वावरातलं काहीतरी आणतो. पहिल्या वेच्याचा कापूस, पायलीभर सोयाबीन, ज्वारीची कणसं, अंडी, एखादा पाय बांधलेला कोंबडा. उपासना संपली की अंगणात लिलाव. देवाचं काम म्हणून एकेक अंडं शंभरावर जातं. लिलावात एक कोहळं आलं, जेमतेम नारळाएवढं. मी मोठ्यानं म्हटलं, "काइनाचं अर्पण देवानं याच्याचपायी नाकारलं असंन!"

अंगणभर हशा पिकला. हसली नाही ती माझ्या पाठीमागं उभी असलेली विहीणबाई. कोहळं तिच्या परसातलं होतं.

मग काय, मीच बोली लावली. एक्कावन्न म्हटलं तर विहीणबाईंच्या धाकट्यानं मुद्दाम शंभर केले. असं करत करत ते मला ५१० रुपयांना पडलं. घरी येईपर्यंत सून एक शब्द बोलली नाही. कोहळं मात्र तिनं पाटावर जरा जोरातच ठेवलं.

रात्री बायबलातलं याकोबाचं पत्र काढलं, तिसरा अध्याय. सगळ्या जातीचे पशुपक्षी माणसाच्या ताब्यात आले, पण जीभ कुणालाही वश करता येत नाही, असं तो सरळ लिहून मोकळा झालाय. त्यानं घोड्याच्या लगामाचा दाखला दिलाय. वऱ्हाडात असता तर मुसकं म्हणाला असता. डवऱ्याच्या बैलाला बांधतो ना आपण, उभ्या पिकात तोंड घालू नये म्हणून, ते. मला तेच हवं होतं.

नीतिसूत्रांचे अध्याय ३१, म्हणून मी तारखेप्रमाणे रोज एक वाचतो. दुसऱ्या दिवशी निघाली नेमकी १७ तारीख. गप्प बसला तर मूर्खालाही लोक शहाणा समजतात, असं सतराव्याच्या शेवटी आहे. मी ठरवलं, आज एक दिवस मूर्खासारखं शहाणं व्हायचं.

चहात साखर नव्हती, गप्प. नातवानं मोबाइल लावून बायबलवर ताट ठेवलं, ओठ चावून गप्प. मुलगा तुरीवर फवारायला निघाला. 'नाकाला फडकं बांध' हे गिळता गिळता ठसका लागला, शेवटी खुणेनं दुपट्टं दाखवलं. त्यानं बांधलं, पण जाताना दोनदा मागं वळून पाहिलं.

सुनेनं गोड बोंडं तळायला कोहळं चिरून फोडी सुपात ठेवल्या आणि ती पाण्याला गेली. तेवढ्यात शेजारची बकरी आली. तिनं सुपात तोंड घातलं. मी खाटेवर बसून बघतोय. एकेक फोड म्हणजे वीसेक रुपये. बकरी चावते, माझ्याकडे बघते, पुन्हा चावते. मी मनात स्तोत्र म्हणतोय, हे परमेश्वरा, माझ्या मुखावर पहारा ठेव.

सून परतली. रिकामं सूप बघितलं, बकरी बघितली, मला बघितलं, आणि हंडा तिथंच टाकून किंचाळली, "धावा वो! मामाजीले लकवा मारला! बकरीले बी हाड म्हटलं नाई त्यायनं!"

पुढच्या अर्ध्या तासात मी ऑटोत होतो. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला फवारणी टाकून आलेला मुलगा. समोर सून, तिच्या डोळ्याला पदर. कोहळ्याचा राग कुठल्या कुठं गेला होता. मी मान हलवून 'काही नाही' सांगितलं की ती आणखी रडायची.

डॉक्टरांनी टॉर्च घेतला. "जीभ बाहेर काढा."

काढली. त्यांनी ती वरून, खालून, बाजूनं नीट तपासली. "जीभ तर उत्तम आहे. वय किती?"

"अडुसष्ट," मी म्हटलं. आणि लगेच, "तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्याचं हाय डॉक्टर, पान पलटवा. अन् आधी चष्मा पुसा, मग जीभ पाहा."

"बोल्ले वो माय!" सून ओरडली. मुलानं माझा हात घट्ट धरला.

बायको तेवढी शांत होती. ऑटोत बसताना हळूच म्हणाली, "जखऱ्याची वाचा तं लेकराचं नाव ठेवेपर्यंत बंद होती म्हणते. त्याच्या बायकोचं, अलीशिबाचं नशीब मोठं. माह्यं आपलं दुपारपर्यंतच."