हजेरीच्या वहीत 'मजला' लिहा

गेली नऊ वर्षं मी मुंबईत मानखुर्द-गोवंडीच्या पुनर्वसन इमारतींमध्ये काम करतेय. कुणाची झोपडी रुळांच्या कडेची होती, कुणाची रस्त्यात गेली. बदल्यात खोली मिळाली, बहुतेकांना 225 चौरस फुटांची. त्यांच्या मागोमाग आम्ही संस्थावाले आलो. शिबिरं, बचत गट, शिलाई क्लास, बालवाडी.

परवा एका संस्थेचा वार्षिक अहवाल वाचला आणि रात्रभर झोप लागली नाही. सगळीकडे लाभार्थ्यांचे आकडे. तीन शिबिरांना आलेली एकच बाई त्यात तीनदा मोजलेली. तिच्या तब्येतीचं पुढे काय झालं, याला एक ओळसुद्धा नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बीपी-शुगरचं शिबिर होतं, खाली सोसायटी ऑफिससमोर मांडव घातलेला. नाव, वय, मोबाइल नंबर या रकान्यांशेजारी मी पेनानं एक रकाना वाढवला : मजला. संध्याकाळी वही उघडली तर तळमजला, पहिला, पहिला, दुसरा, तळमजला... चौथ्याच्या वरची फक्त दोन नावं, तीही तरुण पोरांची. लिफ्ट कित्येक महिने बंद होती, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तरी मांडव खालीच घातला.

दुसऱ्या दिवशी जिने चढून वर गेले. सहाव्या मजल्यावर एक मावशी राहतात, दोन्ही गुडघे गेलेले. दूध-ब्रेड लागला की खिडकीतून दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडतात, दुकानातला पोरगा त्यात सामान टाकतो. म्हणाल्या, "मांडव दिसला गं वरनं. मला वाटलं, कुणाचं लग्न आहे." बीपीचं मशीन लावलं तर वरचा आकडा 190. जिला सगळ्यात जास्त गरज, तीच आमच्या हिशोबात नव्हती. आणि ते शिबिर 'यशस्वी' म्हणून फोटोसकट रिपोर्टमध्ये गेलं होतं.

खालच्या मजल्यांचं दुखणं वेगळं. लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि वाशी नाका या वसाहतींचा आयआयटी मुंबई आणि डॉक्टर्स फॉर यू ही संस्था यांनी अभ्यास केला होता, 2018 मध्ये तो पुढे आला. इमारती एकमेकींना इतक्या खेटून की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, आणि टीबीचा संबंध त्याच्याशी आहे. काही ठिकाणी दोन इमारतींत जेमतेम 3 मीटरचं अंतर. भर दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावून पोरं अभ्यास करतात, तिथे टीबीवरचं पथनाट्य किती जणांनी पाहिलं हे मोजून काय मिळणार? सहा महिन्यांचा कोर्स कुणी पुरा केला, कुणी मधेच सोडला, आणि वर्षा-दोन वर्षांत त्याच खोलीत दुसरं कुणी खोकायला लागलं का, हे विचारा. त्याला वेळ लागतो, म्हणून कुणी विचारत नाही.

आणखी एक फसवणूक, बहुतेक वेळा नकळत होणारी. तीन वर्षांनी सर्व्हे होतो आणि कुटुंबाचं उत्पन्न वाढलेलं दिसतं. टाळ्या! पण दार तेच असलं तरी आत माणसं तीच आहेत का? मेन्टेनन्स झेपला नाही, धुण्याभांड्याची जुनी कामं लांब पडली, म्हणून कितीतरी जण खोली भाड्यानं देऊन परत झोपडीत गेलेत. त्यांच्या जागी दोन पगार असलेलं कुटुंब आलं. आकडा वाढला तो त्यामुळे. म्हणून माझं म्हणणं, खोली नंबर धरून सर्व्हे करू नका, माणूस धरून करा. तो कुर्ल्याला गेला असेल तर कुर्ल्याला जा. गेलेल्यांना विचारल्याशिवाय आमच्या कामाचा हिशोब पुरा होणार नाही.

बालवाडीचंही तेच. झोपु, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेच्या नियमात बालवाडी आणि कल्याण केंद्राची तरतूद आहे. खोल्या बांधलेल्या असतात, पण एका बिल्डिंगीत मी बालवाडीच्या खोलीत प्लायवूडचा ढीग पाहिलाय. किल्ली कुणाकडे, हे चेअरमनलाही सांगता येईना.

सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी संस्थांना देण्याच्या विभागात, काम करणारे बरेच मित्रमैत्रिणी हे वाचतात. तुम्हाला हात जोडून सांगते, पुढच्या वर्षीचा अहवालाचा फॉर्म आम्हाला पाठवाल तेव्हा त्यात तीन प्रश्न घाला : कोण आलं नाही? का आलं नाही? मागच्या वर्षी आलेली व्यक्ती आज कशी आहे? आकडे लहान येतील. येऊ द्या. लहान आकड्यांवरून निधी कापू नका, एवढंच.

आमचं शिबिर आता दर महिन्याला पाचव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये भरतं. दोन खुर्च्या, एक मशीन. मावशींना एक जिना उतरायला अर्धा तास लागतो, पण त्या येतात. या महिन्यात त्यांचा वरचा आकडा 150 होता. गोळी रोज घेतात की नाही, ते बघायला गुरुवारी घरी जाणार आहे.