डेमन साहेबांस स.न.वि.वि.

काल दुपारी माझ्या इनबॉक्समधे माझ्याचबद्दल केलेली तक्रार येऊन पडली. चुकून सीसीत वगैरे नाही, रीतसर मला आलेली. फक्त मायना माझा नव्हता. "माननीय डेमन साहेब, स.न.वि.वि." अशी सुरुवात आणि तिसऱ्याच ओळीत "आमच्या येथील आयटीवाले दिवसभर काळ्या स्क्रीनकडे बघत बसतात, विचारलं की लॉग वाचतोय म्हणतात" असा माझा परिचय. हे चौथं पत्र. डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकतोय.

आधी झालं काय ते पटकन सांगतो. ऑफिसचा मेल सर्व्हर मी बघतो. शुक्रवारी संध्याकाळी (हो, शुक्रवारी, माहितीये मला, काही बोलू नका) जुना डीएनएस सर्व्हर (डोमेनच्या नावावरून पत्ता शोधून देणारा) काढून नवा लावला. मेल सर्व्हरच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलमधे नव्याचा आयपी (आकड्यांतला पत्ता) टाकला, म्हणजे त्याला सांगितलं की बाबा इथून पुढे पत्ते याला विचारायचे, त्या म्हाताऱ्याला नाही. एक टेस्ट मेल पाठवला, गेला. म्हाताऱ्याचा प्लग काढला आणि घरी गेलो.

सोमवारी सकाळी क्यूमधे (पाठवायच्या रांगेत) तीनशेच्या वर मेल तुंबलेले. लॉगमधे (सर्व्हर स्वतः करतो त्या नोंदींमधे) प्रत्येकापुढे एकच रडगाणं, डोमेन सापडलं नाही, पुन्हा प्रयत्न करा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मेल बाहेर पाठवायचा तर सर्व्हर आधी डीएनएसला विचारतो की या डोमेनची टपाल कोण घेतं, ते एमएक्स रेकॉर्डमधे असतं, मग त्या नावाचा आयपी विचारतो आणि मग दार वाजवतो. आमचा गडी पहिल्याच प्रश्नाला गार. बरं नुसतं जाणारं टपाल अडलं असतं तरी समजू शकतो, पण येणाऱ्याचीही तीच गत, कारण पाठवणाऱ्याचं डोमेन खरं आहे का हे तपासायचं सेटिंग मीच मोठ्या हौसेनं लावून ठेवलेलं. त्यामुळे जगातल्या एकेका बड्या मेलवाल्याला आमचा सर्व्हर ४५० कोड देऊन सांगत होता, तुमचं डोमेन काही सापडत नाही बुवा, नंतर या. ज्यांच्यावर अर्ध्या जगाचा मेल चालतो त्यांना आमचा दोन जीबी रॅमवाला "आपण कोण?" म्हणून विचारतोय.

आता काका. अकाउंट्सवाले काका. ऑफिसात सगळे त्यांना काकाच म्हणतात, बॉससुद्धा. काकांनी सकाळी एका क्लायंटला बिल पाठवलं, ते अडकलं, आणि चार तासांनी त्यांना सर्व्हरकडून ती ठरलेली नोटीस गेली. त्या नोटिशीत मोठ्या अक्षरांत, चौकटीसारखं सजवून लिहिलेलं असतं की हा फक्त इशारा आहे, तुम्हाला मेल परत पाठवायची गरज नाही. मोठ्या अक्षरांत! ज्या कोणी हे पहिल्यांदा लिहिलं त्याला माणसांचा दांडगा अनुभव असणार, पण तरी कमीच पडला. काकांनी त्यातलं फक्त पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि बिल परत पाठवलं. मग प्रिंट काढून माझ्या टेबलाशी आले.

"अरे, हे डेमन कोण?"

"कोणी नाही काका, तो प्रोग्रॅम आहे. मेल अडकला की तो कळवतो."

"नाव तर माणसाचं आहे. मेलर डेमन. यातलं आडनाव कुठलं, मेलर का डेमन?"

"काका, आडनाव नाहीये. डेमन म्हणजे मागच्या मागे चालणारा प्रोग्रॅम."

"डेमन म्हणजे भूत ना रे?"

इथे मी चूक केली. इथे "हो" म्हणून विषय संपवायचा असतो. पण माहिती असली की ती बाहेर यायला बघते, त्यामुळे मी त्यांना सांगायला लागलो की भूत नाही काका, १९६३मधे एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकवाल्यांनी हे नाव पाडलं, फिजिक्समधे मॅक्सवेलचा डेमन म्हणून एक काल्पनिक प्राणी आहे, तो डब्यातले वेगवान रेणू एकीकडे आणि हळू रेणू दुसरीकडे असे कायम निवडत बसलेला असतो, त्याच्यावरून. काका शांतपणे ऐकत होते. क्यू तिकडे वाढत होती. लॉग सरकत होता. मी रेणू निवडत होतो.

"म्हणजे मागे बसून, कोणाला न दिसता, सतत काम करणारा."

"हां, बरोब्बर."

"तुझ्यासारखा."

मला बरं वाटलं हो खरंच. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं. मी म्हणलं, "हो काका, तसंच."

"नाही, पण हा निदान कळवतो तरी," असं म्हणून ते गेले.

आणि जागेवर जाऊन त्यांनी त्या नोटिशीला रिप्लाय केला. आता यातली गंमत (कोणाची ते बघू) अशी की मेलर-डेमनच्या नावानं आलेला मेल पोस्टमास्टरकडे जातो, पोस्टमास्टरचा रूटकडे (सर्व्हरचं मुख्य खातं), आणि रूटचा मेल येतो माझ्याकडे. ही साखळी मीच लावलेली आहे. पोस्टमास्टर हा पत्ता प्रत्येक मेल सर्व्हरवर चालू असलाच पाहिजे असा नियमच आहे. आणि हे सगळं सर्व्हरच्या पोटातल्या पोटात होतं, डीएनएसला काही विचारावं लागत नाही, त्यामुळे त्या सबंध सोमवारात आमच्याकडून जर कोणती टपाल क्षणार्धात, विनाविलंब, अचूक पोचत असेल तर ती म्हणजे माझ्याविरुद्धच्या तक्रारी.

पहिलं पत्र नम्र होतं. "आपली सूचना मिळाली. आपण स्वतः लक्ष घालत आहात हे पाहून समाधान वाटले." खाली बिलाचा तपशील, तारखेसह. "सदर बिल तातडीचे असून ते सुटावे ही विनंती. कळावे, लोभ असावा." मी हसलो. तेव्हाच उठून जाऊन सांगायला हवं होतं की काका, डेमन मीच. पण त्या वेळी बॉस माझ्या डोक्याशी उभा होता.

बॉसला मी खोटं बोललो. म्हणलं, डीएनएस प्रॉपगेशन चालू आहे सर, चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात. हे वाक्य आमच्या धंद्यातलं "साहेब मीटिंगमधे आहेत" आहे. प्रॉपगेट वगैरे काही होत नसतं, ज्याच्या त्याच्या कॅशमधलं (साठवून ठेवलेलं) जुनं उत्तर शिळं व्हायची वाट बघायची असते, आणि ते किती सेकंदांनी शिळं होईल हे टीटीएलमधे स्पष्ट लिहिलेलं असतं. आमचा टीटीएल ३६०० होता. म्हणजे एक तास. आणि मुळात मी कुठला रेकॉर्ड बदललाच नव्हता, म्हणजे त्या एका तासाचाही काही संबंध नव्हता. पण अठ्ठेचाळीस तास म्हणलं की माणसं मान हलवतात आणि जातात.

आणि खरी चीड ही की माझ्या बाजूनं सगळं बरोबर दिसत होतं. त्याच मशीनवर बसून डिग (डीएनएसला पत्ता विचारायची कमांड) मारला, एमएक्स सापडतोय. बाहेरच्या सार्वजनिक डीएनएसवाल्यांना, म्हणजे ८.८.८.८ला विचारलं, १.१.१.१ला विचारलं, आमच्या नव्या सर्व्हरला विचारलं, तिघांचं एकच उत्तर. फायरवॉलमधे ५३ नंबरचा, डीएनएसचा, पोर्ट बघितला, यूडीपी उघडा, टीसीपीही उघडा. रेकॉर्डच्या शेवटचा टिंब बघितला, कारण एकदा तो द्यायचा राहिला होता तेव्हा आमचं डोमेन स्वतःलाच दुसऱ्यांदा जोडून दुप्पट लांब झालं होतं. पोस्टफिक्स (आमच्या सर्व्हरवरचा मेलचा प्रोग्रॅम) रीलोड केला. परत रीलोड केला. मी विचारतो तेव्हा पत्ता आहे, पोस्टफिक्स विचारतो तेव्हा नाही. एकाच मशीनवर! पाच दिवस तो प्रयत्न करत राहतो, मग मेल कायमचा परत पाठवतो, म्हणजे शुक्रवारपासून अडकलेल्यांसाठी बुधवारपर्यंतच माझ्याकडे वेळ होता, मग मात्र एकेक करून तीनशे लोकांना डेमन साहेबांची पत्रं जाणार होती.

मंगळवारी दुसरं पत्र, जरा चढ्या सुरात. दुपारी तिसरं. त्यात हे होतं, जसंच्या तसं देतो: "पत्ता सापडत नाही असे आपण कळवता. आमच्या आयटीवाल्यांचे म्हणणे, पत्ता बरोबर आहे. दोघेही खरे बोलत असल्यास आपल्याजवळील डायरी जुनी असावी. कृपया बदलून घ्यावी."

मी हे पत्र शेजाऱ्याला वाचून दाखवलं. आम्ही दोघं हसलो. डायरी म्हणे! मी त्याला वर हेही ऐकवलं की डायरीचा जमाना कधीच गेला, एके काळी खरंच सगळ्या नेटवर्कची मिळून एकच होस्ट्स फाइल (मशीनांची नावं आणि पत्ते यांची यादी) असायची, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधे ती सांभाळायचे आणि जो तो तिथून उतरवून घ्यायचा, मशीनं वाढली तसं ते झेपेना, म्हणून १९८३मधे पॉल मोकापेट्रिसनं डीएनएस आणलं. डायरी कोण ठेवतं आता.

रात्री साडेबाराला सापडली डायरी.

पोस्टफिक्सचे काही भाग आमच्याकडे सीएच-रूटमधे चालतात. म्हणजे सुरक्षेसाठी त्यांना एका डिरेक्टरीत कोंडलेलं असतं, त्यांना वाटतं तेवढंच जग, बाहेरची एकही फाइल दिसत नाही. पण पत्ते तर विचारावे लागतात, म्हणून त्या कोठडीत रिझॉल्व्ह डॉट कॉन्फची एक वेगळी कॉपी ठेवलेली असते. ती उघडली. आत एकच ओळ. म्हाताऱ्याचा आयपी. मी बाहेरची फाइल बदलली, डिग बाहेर चालतो म्हणून खूश, आणि आत कोठडीत पोस्टफिक्स तीन-चार दिवस बंद पडलेल्या मशीनला हाका मारतोय. शुक्रवारचा टेस्ट मेल गेला कारण तेव्हा म्हाताऱ्याचा प्लग जागेवर होता. आमच्याकडे ती कॉपी नवी होते ती सर्व्हिस पूर्ण बंद करून चालू केल्यावर, नुसत्या रीलोडनं नाही, म्हणजे सोमवारी सकाळी कोणीही अडाणी माणूस येऊन बंद-चालू करून गेला असता तर दहा सेकंदांत काम होतं. कारण कळलं नसतं ही गोष्ट वेगळी. कारण कळल्याचं समाधान फार मोठं असतं असं मी तेव्हापासून स्वतःला सांगतोय.

कॉपी बदलली, रीस्टार्ट केला, क्यू सोडली. धडाधड गेले सगळे. मग तिसरं पत्र परत उघडलं, आणि रात्री पावणेदोनला, एकटा, त्या भरात मी पोस्टमास्टरच्या नावानं उत्तर दिलं: "डायरी बदलली आहे. आभारी आहे." बस. एवढंच. वाटलं सकाळी काकांना सांगू, दोघं मिळून हसू.

सकाळी मीटिंगला काका माझ्या आधी पोचले होते. हातात त्या उत्तराचं प्रिंट. "बघा," बॉसला दाखवत होते, "दीड ओळीत विषय संपवला. आणि वेळ बघा, पावणेदोन. रात्री पावणेदोनला हा माणूस कामावर आहे. नाहीतर आपल्याकडे." बॉसनं प्रिंट हातात घेतलं, वेळ बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी तीन तास झोपून आलो होतो आणि तेवढ्यात मला जांभई आली.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. म्हणलं, "काका, ते मी लिहिलंय." काका समजूतदारपणे म्हणाले, "असू दे रे, तूही मदत केली असशील."

आणि मग काल दुपारचं ते चौथं पत्र. सुरुवातीला माझ्या काळ्या स्क्रीनचा उल्लेख झाला, तो वर सांगितलाच. पुढे साहेबांचे आभार, त्यांच्या तत्परतेचं कौतुक, डायरीची सूचना मान्य केल्याबद्दल समाधान. आणि शेवटी:

"एक गोष्ट मात्र खेदाने कळवावी लागते. सदर बिल क्लायंटला एकदा न जाता एकाच वेळी अकरा वेळा गेले. त्यांचा फोन आला होता, बरेच बोलले. आपल्या हातून असे होणे शक्य नाही याची खात्री आहे. हे काम आमच्या आयटीवाल्यांचेच असावे. तरी आपण त्यांना आपल्या पद्धतीने समज द्यावी. कळावे."