पैसे भरा, केबिन क्रू व्हा: एका फिरत्या मेसेजची उलटतपासणी

परदेशी एअरलाइनमध्ये केबिन क्रू कसं व्हायचं, हे सांगणारा एक मेसेज सतत या ग्रुपवरून त्या ग्रुपवर हिंडत असतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच. केबिन क्रूचा डिप्लोमा नसेल तर परदेशी कंपन्या अर्ज उघडूनही बघत नाहीत. रंगरूप आणि पाच फूट सात इंच उंची असली की निम्मं काम झालं. मुलाखतीची उत्तरं पाठ करून जा. घेतात त्या मुलीच, आणि त्याही पंचविशीच्या आतल्या. ‘प्रोसेसिंग’चे पैसे भरले की थेट शेवटच्या मुलाखतीला बसता येतं. शेवटी आमिष: महिन्याला जेमतेम ऐंशी तास काम, करमुक्त पगार आणि जग फुकटात.

सगळंच धादांत खोटं असतं तर कुणी फसलं नसतं. इथे खऱ्याच्या आडोशाने खोटं चालवलंय, म्हणून एकेक मुद्दा सुटा करून बघू.

‘डिप्लोमा सक्तीचा आहे’

एमिरेट्स या दुबईच्या विमान कंपनीच्या अटी तिच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतात. वय किमान २१, उंची किमान १६० सेंटिमीटर, टाचा उचलून २१२ सेंटिमीटरपर्यंत हात पोचणं, शिक्षण बारावी, इंग्रजी अस्खलित, ग्राहकसेवेचा किंवा आतिथ्य क्षेत्राचा किमान एक वर्षाचा अनुभव, गणवेशात दिसेल असा टॅटू नको. या यादीत केबिन क्रूचा डिप्लोमा नाही. कतार एअरवेजकडेही तेच वय आणि हाताची तीच पोच मागतात.

डिप्लोमा का मागत नाहीत, याचं कारण कामातच आहे. केबिन क्रूचं प्रशिक्षण विमानाच्या प्रकारानुसार असतं. बोइंग ७७७ चा दरवाजा उघडण्याची पद्धत वेगळी, एअरबस ए३८० ची वेगळी. अग्निशामक, ऑक्सिजनचे सिलिंडर, मेगाफोन कुठे ठेवलेत तेही वेगळं. युरोपीय नियमांनुसार एका क्रू सदस्याला एरवी तीनपेक्षा जास्त प्रकारांच्या विमानांवर काम करता येत नाही, इतका हा भेद महत्त्वाचा मानलाय. त्यामुळे तुम्ही बाहेर काहीही शिकून आलात तरी कंपनी तुम्हाला पहिल्यापासून शिकवते. एमिरेट्समध्ये हे प्रशिक्षण साधारण दोन महिने दुबईत चालतं: आणीबाणीतली घसरगुंडी, धुराने भरलेल्या केबिनमधली आग, तराफा, सीपीआर, विमानात प्रसूती झाली तर काय करायचं, दांडगाई करणाऱ्या प्रवाशाला आवरायचं कसं. परीक्षा असतात आणि त्यात उत्तीर्ण व्हावंच लागतं.

इथे एक अपवाद सांगायलाच हवा. युरोपीय संघात केबिन क्रूला ‘केबिन क्रू अटेस्टेशन’ नावाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठीचं प्राथमिक प्रशिक्षण विमान कंपनी देते किंवा तिथल्या नियामकाने मान्यता दिलेली संस्था देते, आणि कधीकधी त्याचा खर्च उमेदवारावर पडतो. पण ती मान्यता नियामकाची असते. भिंतीवर ‘आंतरराष्ट्रीय’ लिहिलं म्हणून कुठलाही डिप्लोमा त्या जागी चालत नाही.

माझं स्पष्ट मत असं, की वर्षभर हातात असेल तर ते हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर, रेस्टॉरंटमध्ये किंवा कुठल्याही ग्राहकसेवेच्या काउंटरवर घालवावं. पगारही मिळतो आणि यादीतली एक अटही पुरी होते. डिप्लोमाच्या वर्गातला सराव वाईट असतो असं नाही. आत्मविश्वास वाढत असेल तर खुशाल करा, पण त्यावाचून अर्ज अडतो ही थाप आहे.

‘रंगरूप असलं की निम्मं काम झालं’

या समजुतीला इतिहास आहे. १५ मे १९३० रोजी एलेन चर्च ही जगातली पहिली विमानसेविका म्हणून बोइंग एअर ट्रान्सपोर्टच्या विमानात चढली. ती परिचारिका होती. विमानात आजारी पडणाऱ्यांना बघायला परिचारिका असाव्यात ही कल्पनाही तिचीच. पण तिच्या पाठोपाठ घेतलेल्या मुलींना अविवाहित असण्याची, ११५ पौंडांपेक्षा कमी वजनाची अशा अटी लागल्या. पुढची काही दशकं जाहिरातींनी याच अटी सजवून विकल्या. मेसेज लिहिणारा अजून त्याच जाहिरातीत राहतो.

आज मोजलं जातं ते वेगळंच. त्या २१२ सेंटिमीटरचं बघा. भिंतीवर खूण केलेली असते. बूट काढायचे, चवड्यांवर उभं राहायचं आणि हाताची बोटं खुणेला टेकवायची. आणीबाणीची बरीचशी साधनं डोक्यावरच्या कप्प्यांत असतात, आणि धूर दाटलेला असताना ती काढायला स्टूल शोधत बसता येत नाही. म्हणून ही परीक्षा. सिंगापूर एअरलाइन्स बायकांसाठी १५८ आणि पुरुषांसाठी १६५ सेंटिमीटर उंची मागते, लुफ्तान्सा १६०. मेसेजमधली पाच फूट सात इंचांची कहाणी कुठल्या कंपनीची आहे, ते त्यात कधीच लिहिलेलं नसतं. अर्ज करण्याआधी घरच्या भिंतीवर खूण करून बघा. फुकटात होतं आणि खात्रीचं असतं.

नीटनेटकेपणा मात्र खरंच बघतात, आणि आखाती कंपन्या तर कसोशीने. केस बांधलेले, इस्त्रीचे कपडे, स्वच्छ नखं, सहज हसू. हे जमवायला कुणाला पैसे मोजावे लागत नाहीत, आणि याचा कातडीच्या रंगाशी संबंध नाही. मेकअपची सक्तीही सगळीकडे उरलेली नाही. व्हर्जिन अटलांटिकने ती २०१९ मध्ये काढली. त्याच वर्षी एअर न्यूझीलंडने कर्मचाऱ्यांना दिसणारे टॅटू ठेवायची मुभा दिली.

कंपनी पगार नेमका कशाचा देते, ते २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर दिसलं. जपान एअरलाइन्सचं ए३५० विमान उतरताना धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं आणि पेटलं. आत ३७९ माणसं होती. घोषणा करायची यंत्रणा बंद पडलेली, म्हणून क्रूने मेगाफोन हातात घेतला आणि गळा ताणून सूचना दिल्या. आठ दरवाज्यांपैकी तीनच वापरण्याजोगे होते, आणि कुठला उघडायचा नाही हे बाहेरची आग बघून ठरवायचं होतं. ३७९ च्या ३७९ बाहेर आले. तटरक्षक दलाच्या विमानातले पाच जण मात्र गेले. निम्मे दरवाजे बंद असताना ९० सेकंदांत विमान रिकामं करता आलं पाहिजे, हे विमानाला परवाना देतानाच तपासतात. ए३८० च्या २००६ मधल्या चाचणीत ८७३ माणसं ७८ सेकंदांत उतरली होती. पण चाचणीतल्या माणसांना चाचणी आहे हे ठाऊक असतं. खऱ्या आगीत लोक वर ठेवलेली बॅग काढायला उभे राहतात, आणि त्यांना ओरडून खाली सोडायला लावणारा आवाज तुमचा असावा लागतो.

‘उत्तरं पाठ करून जा’

बऱ्याच कंपन्यांत पहिली चाळणी रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओ मुलाखतीची असते किंवा समोर बसून दोन मिनिटं बोलण्याची. पाठांतर तिथपर्यंत कसंबसं तग धरतं. असेसमेंट डेला, म्हणजे उमेदवारांना एकत्र बोलावून पारखतात त्या दिवशी, ते उघडं पडतं.

तिथे एक गट करून तुम्हाला प्रसंग देतात. समजा, हॉटेलात खोल्या चार आणि थकून आलेले प्रवासी दहा: म्हातारं जोडपं, तान्हं बाळ घेतलेली आई, नवविवाहित, सकाळी महत्त्वाची बैठक असलेला एक जण. खोल्या कुणाला, ते गटाने दहा मिनिटांत ठरवायचं. बरोबर उत्तर असं काही नसतं. कागद घेऊन बाजूला बसलेले निरीक्षक टिपून घेतात ते दुसरंच: कोण दुसऱ्याचं वाक्य तोडतो, कोण गप्प बसलेल्या मुलीला नाव घेऊन ‘तुला काय वाटतं?’ विचारतो, कोण घड्याळाकडे लक्ष ठेवतो, आपलं म्हणणं फेटाळलं गेल्यावर कुणाचं तोंड पडतं. सगळ्यात जास्त बोलणारा निवडला जातो हा गैरसमज इथेच घात करतो.

शेवटच्या मुलाखतीत ‘असा प्रसंग सांगा, जेव्हा…’ छापाचे प्रश्न येतात. चिडलेला ग्राहक, सहकाऱ्याशी झालेला खटका, नियम मोडून मदत करावीशी वाटली ती वेळ. काय घडलं, तुमच्यावर काय जबाबदारी होती, तुम्ही काय केलं, पुढे काय झालं, या क्रमाने आपल्याच नोकरीतले पाच-सहा प्रसंग आठवून ठेवा. इंटरनेटवरचा प्रसंग आपला म्हणून सांगितला, की ‘मग त्या ग्राहकाने नेमकं काय म्हटलं?’ या पहिल्याच उपप्रश्नाला जीभ अडखळते. इंग्रजीतही हीच परीक्षा आहे. उच्चार परदेशी नसला तरी चालतो, पण न अडता ऐकून उत्तर देता आलं पाहिजे.

‘पैसे भरले की थेट शेवटची मुलाखत’

हे सरळ खोटं आहे. भरतीच्या कुठल्याही टप्प्यावर आम्ही पैसे घेत नाही, असं एमिरेट्ससारख्या मोठ्या कंपन्या उघडपणे लिहितात. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यानुसार भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करायला मनाई आहे. खाजगी भरती संस्थांनी कामगाराकडून शुल्क घेऊ नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९७ च्या करारातच मांडलंय. निवड झाल्यावर व्हिसा आणि रुजू व्हायचं तिकीट आखाती कंपन्या स्वतः देतात. तेव्हा ‘व्हिसा फी’, ‘मेडिकलची जागा राखायची फी’, ‘ऑफर लेटर सोडवायची फी’ असलं काही कानावर आलं, की समोरचा कंपनीचा माणूस नाही. अर्ज कंपनीच्या स्वतःच्या करिअर पानावरूनच करा आणि उत्तर आलेल्या ईमेलचा पत्ता अक्षरन् अक्षर तपासा. मुलाखत न घेता व्हॉट्सॲपवर ऑफर लेटर कुणीच पाठवत नाही.

मेसेजमध्ये एक गोष्ट मुळीच नसते, आणि खरी अडचण तीच आहे: काम करण्याचा हक्क. युरोप, ब्रिटन, अमेरिकेतल्या बहुतेक कंपन्यांना असा उमेदवार हवा असतो, ज्याला त्या देशात राहून काम करायची परवानगी आधीच आहे. एमिरेट्स, कतार, एतिहाद व्हिसा स्वतः काढतात, म्हणून जगभरातले अर्ज तिकडे लोटतात. ‘युरोपातली एअरलाइन, व्हिसाची जबाबदारी आमची’ असं कुणी म्हणालं, तर तिथेच थांबा.

‘फक्त मुली, पंचविशीच्या आत’

पुरुषांना केबिन क्रूची दारं बंद ठेवता येणार नाहीत, असा निकाल अमेरिकेत पॅन ॲम या विमान कंपनीच्या विरोधात १९७१ सालीच लागला. वयाचं म्हणाल, तर बेट्टी नॅश १९५७ मध्ये या नोकरीत आल्या आणि २०२४ मध्ये ८८ व्या वर्षी वारल्या तेव्हाही अमेरिकन एअरलाइन्सच्या सेवेत होत्या. किमान वय सगळे लिहितात. कमाल वय त्या त्या कंपनीच्या जाहिरातीत बघा.

‘ऐंशी तास काम, करमुक्त पगार, जग फुकटात’

ऐंशी हा आकडा खरा आहे, फक्त तो उड्डाणाच्या तासांचा आहे. विमान जागचं हललं की घड्याळ सुरू, मुक्कामी थांबलं की बंद. त्याआधीचं ब्रीफिंग, प्रवासी चढवणं, दोन उड्डाणांमधला वेळ, उतरल्यानंतरची आवराआवर त्यात नाही. युरोपीय नियम हे दोन हिशेब वेगळे धरतात: २८ दिवसांत उड्डाण जास्तीत जास्त १०० तास, पण ड्यूटी १९० तासांपर्यंत. पैशाचंही तसंच. पगार म्हणजे मूळ वेतन अधिक उड्डाणाच्या तासांचा भत्ता, त्यामुळे ज्या महिन्यात आजारी पडाल त्या महिन्यात हातात कमी येतं. अमेरिकेत डेल्टा या विमान कंपनीने प्रवासी चढवण्याच्या वेळेचे पैसे द्यायला २०२२ मध्ये सुरुवात केली, तेही तासाच्या दराच्या निम्म्याने. तोवर तो वेळ बिनपगारीच होता. करमुक्त म्हणाल तर अमिरातीत आणि कतारमध्ये पगारावर प्राप्तिकर नाही हे खरं, पण ती त्या देशांची गोष्ट झाली. फ्रँकफर्टमध्ये राहून लुफ्तान्साची नोकरी करणारा कर भरतोच.

आणि जग दिसतं, नक्की दिसतं. कधी दोन दिवस, कधी चोवीस तास, ज्यातले दहा झोपेत जातात. काही फेऱ्यांत तर तासाभरात तेच विमान परत फिरतं आणि परदेश दरवाज्यातूनच बघावा लागतो. स्टँडबायच्या दिवशी फोन वाजला की बॅग तयारच हवी. सणवार, लग्नकार्यं रोस्टरला, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाला, ठाऊक नसतात. कंपनीने दिलेली राहायची जागा आणि व्हिसा दोन्ही नोकरीला बांधलेले असतात, नोकरी सुटली की ठरावीक मुदतीत दोन्ही सोडावे लागतात. सही करण्याआधी करारातलं ते पान आणि प्रोबेशनचं कलम वाचा. प्रशिक्षणाचा खर्च मध्येच सोडून गेल्यास परत मागणार का, हे तिथेच लिहिलेलं असतं.