सर, ते दोन कागद मी का परत घेतले नाहीत

नमस्कार सर,

आमच्या चित्रकलेच्या सामानाच्या दुकानाबद्दलचा तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढल्यावर वाचला, आणि खरं सांगते, झोप लागली नाही. शनिवारी कागद घेताना तुम्हाला वीस-पंचवीस मिनिटं थांबावं लागलं आणि बुधवारी तो परत करायला आलात तेव्हा तुमच्या मुलीसमोर माझा आवाज चढला, दोन्हीसाठी मनापासून सॉरी. पोरीसमोर तसं बोलायला नको होतं.

पण "कागद वापरलेला आहे असं खोटं सांगून परत घेतला नाही, 260 रुपयांसाठी गिऱ्हाईक तोडलं" असं जे लिहिलंय ते फार लागलं. त्याबद्दल नाही बोलले तर वाचणाऱ्याला तेच खरं वाटेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही वॉटरकलरच्या जाड कागदाची, 300 जीएसएमची कॉटनची एक फुल शीट घेतली, 22 बाय 30 इंची, 520 रुपयांची, आणि तुम्हीच म्हणालात की चार क्वार्टर, म्हणजे चार सारखे तुकडे, करून द्या, मुलगी रविवारी क्लासबरोबर रंकाळ्यावर लँडस्केपला जाणार आहे. बिलावर वेळ 6.52 आहे. त्या वेळी दुकानात मी एकटी होते, चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमिजिएटची परीक्षा चार दिवसांवर आलेली, पोस्टर कलरसाठी पोरांची आणि त्यांच्या आयांची काउंटरला झुंबड, तरी तुमचा कागद मी घाई न करता मोजून, स्टील पट्टी लावून कापला, कारण 11 बाय 15 मध्ये पाव इंच जरी इकडेतिकडे झाला तरी बोर्डावर लावताना कळतं. कापायचे पैसे आम्ही कुणाकडूनच घेत नाही.

बुधवारी तुम्ही दोन क्वार्टर परत आणलेत. मी ते ट्यूबलाइटखाली तिरके धरून तुम्हालाही दाखवले, आठवत असेल. एकाच्या कडेला मास्किंग टेप ओढून काढल्याची खूण होती, तिथला कागद केसाळ झालेला. दुसऱ्याच्या कोपऱ्यात फिकट निळा डाग, कुणीतरी रंग लावून ओल्या फडक्याने पुसलेला. तुम्ही म्हणालात, "एवढंसं काय दिसतंय?" सर, कोरड्या कागदावर नाहीच दिसत. पण या कागदावर साइझिंग असतं, म्हणजे खळ दिल्यासारखं, त्यामुळेच रंग वर टिकतो आणि वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, एकसारखा पसरतो. तो भाग ओला करून घासला की खळ जाते, मग रंग टिपकागदासारखा आत ओढला जातो आणि बरोबर आकाशाच्या मधोमध काळपट ठिपका येतो. तो कागद मी दुसऱ्या कुणाच्या मुलीला नवा म्हणून विकला असता तर तिचं चित्र खराब झालं असतं, आणि तिच्या वडिलांनी पण इथेच येऊन लिहिलं असतं. डाग तुमच्या घरी पडला की क्लासमध्ये ते मला माहीत नाही, मुलीला अजिबात बोलू नका, मुलांच्या हातून होतं. पण मी खोटं बोलले नाही.

ब्रश नखावर दाबून बघू दिला नाही असंही तुम्ही लिहिलंय, त्याचं असं आहे की नवा ब्रश डिंकात बसवलेला असतो, कोरडाच दाबला की केस फाकतात. ऑनलाइन स्वस्त मिळतं हेही मान्य, पण तिथे बहुतेक पॅकच घ्यावं लागतं, मी एक शीट सुटी देते.

आणि शेवटची ओळ, "यांना कलेची काही जाण नाही." ती माझ्या सासऱ्यांनीही वाचली. हे दुकान त्यांनी काढलंय. त्याआधी बोर्ड पेंटर होते, कोल्हापुरातल्या कितीतरी दुकानांची नावं त्यांच्या हातची होती, पट्टी न लावता अक्षर काढायचे. फ्लेक्स आले, काम बसलं, तेव्हा उरलेले ब्रश आणि रंगाचे डबे मांडून सुरुवात केली. आज हात थरथरतो तरी रोज सकाळी कागदाच्या थप्प्या तेच लावतात, पावसाळ्यात दमट लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. रिव्ह्यू वाचून काही बोलले नाहीत, चष्मा काढून ठेवला. मला म्हणा काय म्हणायचं ते, पण ती ओळ त्यांच्यासाठी बरोबर नव्हती.

बाकी परीक्षेच्या दिवसांत संध्याकाळी कुणीतरी मदतीला ठेवायचं बघतोय, कापलेला कागद परत घेत नाही अशी पाटीही लावतो, आणि एखादा ब्रश पाण्यात बुडवून बघायला ठेवता येईल का तेही बघते.

तुमच्या मुलीने विचारलेला 6 नंबरचा राउंड ब्रश परवा आलाय, तिच्यासाठी बाजूला काढून ठेवलाय. दुपारी 2 ते 4 बंद असतं, त्यानंतर कधीही या. स्टार राहू दे हवं तर एकच, फक्त ते "खोटं सांगून" एवढं काढता आलं तर बघा.